माळढोकाची हद्द

२७ सप्टेंबर १९७९ रोजी महाराष्ट्र शासनाने एक अधिसूचना काढली आणि सोलापूर व तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांतली ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन एका पक्ष्याच्या नावावर केली. अख्खा गोवा आहे ३,७०२ चौरस किलोमीटरचा. म्हणजे दोन गोवे मावून वर हजारभर चौरस किलोमीटर शिल्लक राहतील एवढं हे माळढोक अभयारण्य. त्याच्या पोटात शेकडो गावं होती, बाजारपेठा होत्या, साखर कारखाने होते, रेल्वे आणि महामार्ग होते. जंगल म्हणावं असं फारच थोडं होतं.

कागदावर पाहिलं तर देशातल्या कुठल्याच पक्ष्याला एवढं मोठं राज्य मिळालं नसेल. आज त्या राज्यात माळढोक शोधायचा म्हटलं तर दुर्बीण लावून दिवसच्या दिवस बसावं लागतं, आणि एखादा दिसलाच तर स्थानिक वर्तमानपत्रात बातमी होते. एवढा मोठा कायदा आणि एवढा छोटा परिणाम, असं का झालं? हा प्रश्न आता फक्त सोलापूरचा राहिलेला नाही. तोच पक्षी, तोच कायदा आणि तसाच हद्दीचा वाद घेऊन गेली काही वर्षं सर्वोच्च न्यायालयात राजस्थान आणि गुजरातचा खटला चालला. तिथे समोर ऊस नव्हता, सौरऊर्जा होती.

गवत राखायला गेले आणि पक्षी सापडला

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. मुरमाड, उथळ मातीचा, पावसाच्या भरवशावर जगणारा हा भाग. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली वनखात्याने इथल्या माळाचे काही तुकडे चराईपासून राखले. जमिनीची धूप थांबावी, चारा वाढावा, एवढाच हेतू होता. पक्षी कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं गुडघ्याएवढी वाढली आणि त्या गवतात माळढोक अंडी घालू लागले. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्यांच्या नोंदी केल्या, पाठपुरावा केला, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला नान्नजचं नाव कळलं. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक इथे मुक्काम ठोकून राहू लागले.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला एक अत्यंत वजनदार पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि उभा राहिला की मीटरभर उंच दिसतो. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, शेतातल्या शेंगा असं काहीही खातो. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून, ती जमिनीपर्यंत लोंबवून घुमतो. मादी उघड्या जमिनीवर, घरटं वगैरे न करता, साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालते. ते कुत्र्याने, मुंगसाने किंवा कावळ्याने पळवलं, गुरांच्या खुराखाली आलं, तर वर्ष वाया गेलं. ज्याचा जन्मदर इतका कमी, त्याच्या बाबतीत वर्षाकाठी दहा-पंधरा मोठे पक्षी जास्तीचे मेले तरी सगळं गणित कोसळतं.

ते कोसळलंच. १९६९ मध्ये देशभरात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. १९७८ च्या अंदाजात हा आकडा ७४५ झाला, २००१ च्या सुमारास ६००, त्यानंतरच्या दशकात ३००. आज सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला, हा पक्षी १९७२ पासून बसलेला आहे.

कलम २०

१९७९ ची अधिसूचना काढणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माळढोक एका जागी राहत नाही, पावसाप्रमाणे आणि पिकांप्रमाणे लांबलांब फिरतो. तेव्हा जिथे जिथे तो दिसला असेल तो सगळा मुलूख एकदाच हद्दीत घेऊन टाकावा, असा विचार झाला. पण वन्यजीव कायद्याचं कलम २० सांगतं की अधिसूचना निघाल्यावर त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज कोणालाही नवा हक्क मिळवता येत नाही. घनदाट, निर्मनुष्य रानासाठी हे कलम ठीक आहे. दोन जिल्ह्यांच्या शेतीवाडीवर ते लावलं की जमिनीचा प्रत्येक व्यवहार संशयाच्या भोवऱ्यात सापडतो.

कायद्यात पुढची पायरीही सांगितलेली आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करायची, काही हक्क कायम ठेवायचे, काही भरपाई देऊन संपवायचे. एवढ्या अवाढव्य प्रदेशात ते काम वेळेवर होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे बंधनं लागू आणि निवाडा लांबणीवर, अशी अवस्था वर्षानुवर्षं राहिली. खडीच्या खाणी, औद्योगिक वसाहती, रस्त्यांची रुंदीकरणं, प्रत्येक ठिकाणी माळढोक आडवा आला. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला निघालेल्या शेतकऱ्याला, त्याने आयुष्यात कधीही न पाहिलेल्या पक्ष्याचं नाव सरकारी कचेरीत पहिल्यांदा ऐकायला मिळालं. त्याने त्या पक्ष्यावर प्रेम का करावं?

याच चुकीची आणखी कडू आवृत्ती मध्य प्रदेशात घडली. शिवपुरी जिल्ह्यातल्या करेरा इथे १९८१ मध्ये माळढोकासाठी २०२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. जमीन बहुतांशी लोकांची होती. खरेदी-विक्री थांबली, संरक्षणामुळे काळवीट वाढले आणि पिकांत शिरले. लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. त्यानंतर जवळपास पाव शतक ते अभयारण्य पक्ष्याविनाच कागदावर टिकलं आणि अखेर २०२२ मध्ये रद्द झालं.

ऊस, द्राक्ष आणि माळ

सोलापुरात गंमत अशी की कायदा शेतकऱ्याचा जमीनव्यवहार अडवत होता, पण माळाचं रूपांतर अडवत नव्हता. १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. कालवे आले, उपसा सिंचन आलं, विंधनविहिरी खोल गेल्या. ज्या जिल्ह्याची ओळख ज्वारी आणि दुष्काळ अशी होती, तो राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. खुद्द नान्नज गाव द्राक्षांसाठी नावाजलं गेलं. सोनाका ही प्रसिद्ध द्राक्षाची जात याच गावच्या नानासाहेब काळे यांनी निवडीतून तयार केली. एका कोरडवाहू गावाने स्वतःच्या हिमतीवर केलेला हा विकास आहे आणि त्याला नावं ठेवण्याचा अधिकार शहरातल्या पक्षिप्रेमींना नाही.

पण माळढोकाला उसात उतरता येत नाही, द्राक्षाच्या मांडवाखाली उडता येत नाही. कोरडवाहू तूर, भुईमूग, ज्वारी आणि मधूनमधून पडीक माळ, अशी मिश्र जमीन त्याला लागते. धरणाचा आराखडा करणाऱ्या खात्याने कालव्याचं पाणी कुठल्या माळावर जाईल आणि तिथे कोण राहतं हे वनखात्याला विचारल्याचं कुठे दिसत नाही. आणि वनखात्यानेही काही वर्षं माळाला ओसाड समजून त्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावली. झाडं लावणं म्हणजे पर्यावरण, ही आपली सरकारी समजूत गवताळ प्रदेशाच्या मुळावर उठली. ज्या पक्ष्याला चारी दिशांना दूरवर दिसलं पाहिजे, त्याच्या अंगणात आपणच भिंती उभ्या केल्या.

मग हद्दीचा प्रश्न न्यायालयात गेला, समित्या नेमल्या गेल्या आणि २०१२ च्या सुमारास अभयारण्य ८,४९६ वरून १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तेहतीस वर्षं लागली. तोवर पक्षी बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. हद्द कमी करणं चूक नव्हतं. ती १९८५ मध्ये व्हायला हवी होती, जेव्हा वाचवायला पक्षी होते. सोलापूरकरांच्या मनात माळढोक म्हणजे अडथळा हे समीकरण मात्र तोवर घट्ट बसलं होतं. बोरामणीचा विमानतळ सुमारे ३३ हेक्टर वनजमिनीच्या तुकड्यावर वर्षानुवर्षं अडकला, तेव्हाही गावगप्पांत दोष त्या पक्ष्याच्याच माथी आला.

जैसलमेरच्या तारा

आता थरच्या वाळवंटात जाऊ. तिथे ऊस नाही, पण ऊन आहे, वारा आहे आणि सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली अफाट जमीन आहे. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगरजीवाश्म वीजक्षमता उभारण्याचं लक्ष्य भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेत जगासमोर ठेवलं. जैसलमेर, बाडमेर, कच्छ हे त्या लक्ष्याचे आधारस्तंभ आहेत. वीज तयार झाली की ती वाहून न्यायला तारा हव्यात. आणि शेवटचे माळढोक नेमके त्या तारांच्या वाटेवर राहतात.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. शत्रू कुठूनही आला तरी कळावा म्हणून ही रचना, पण त्यामुळे समोरचं त्याला नीट दिसत नाही. उडताना तो बहुधा खाली जमिनीकडे पाहत असतो. तार लक्षात येईस्तोवर अंतर उरत नाही आणि पंधरा किलोचं शरीर क्षणात वळवता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाचा अंदाज असा की थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर प्रदेशात वीजतारांवर आदळून दरवर्षी सर्व जातींचे मिळून ८४,००० पक्षी मरतात. माळढोकांचे बळी वर्षाला सुमारे १८. एकूण दीडशेतले अठरा, आणि मादीला वर्षाला एक अंडं. पुढचं गणित शाळकरी मूलही करील.

निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक. २०१९ मध्ये ते स्वतःच या पक्ष्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने आदेश दिला की माळढोकाच्या प्राधान्य आणि संभाव्य अधिवासात कमी दाबाच्या वीजवाहिन्या जमिनीखालून न्याव्यात, उच्च दाबाच्या वाहिन्यांचं काय करता येईल हे तज्ज्ञांनी तपासावं आणि तोवर तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या बसवाव्यात. हे क्षेत्र होतं सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरचं. जवळजवळ एकतृतीयांश महाराष्ट्र.

केंद्र सरकारने बदल मागितला. ३३ केव्हीची तार जमिनीखाली नेता येते, ४०० आणि ७६५ केव्हीची लांब पल्ल्याने नेणं कठीण आहे, खर्च कैक पटींनी वाढतो, असा युक्तिवाद झाला. २१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरसकट भूमिगत तारांचा आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ शी जोडला. एका निकालात दोन पर्यावरणं आमनेसामने उभी राहिली. कोळसा कमी जाळावा हेही निसर्गासाठीच आणि तार पुरावी हेही निसर्गासाठीच.

१९ डिसेंबर २०२५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह आणि अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. प्राधान्य क्षेत्र राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर ठरलं. आधीच्या ९९,००० मधल्या फक्त प्राधान्य क्षेत्रापेक्षा ते वाढलं. त्या हद्दीत नव्या पवनचक्क्या आणि मोठे नवे सौरप्रकल्प नकोत आणि नव्या तारा ठरवून दिलेल्या मार्गिकांतूनच जाव्यात, अशी व्यवस्था झाली.

दोन्हीकडे सातवा हिस्सा

आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सोलापुरात ८,४९६ चे १,२२२ झाले, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. राजस्थान-गुजरातेत सर्वांत कडक बंधनांचा प्रदेश ९९,००० वरून १५,००० च्या आत आला, हाही साधारण सातवा हिस्साच. दोन्ही वेळी हद्द आधी मोठी ओढली गेली, मग ती पाळता येत नाही म्हणून ओरड झाली, मग आक्रसली. फरक वेळेचा आहे. सोलापुरात तेहतीस वर्षं गेली, तिकडे पाचेक. आणि राजस्थानात दरम्यान उपग्रह टॅग लावून पक्षी प्रत्यक्ष कुठे उडतात हे पाहिलं गेलं. सोलापुरात १९७९ साली तशी सोय नव्हती.

आणखी एक फरक आहे. सोलापुरात संरक्षणाचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून गेला, ज्याचं पक्ष्याशी भांडण नव्हतं. जैसलमेरमध्ये तो निदान वीज कंपन्यांच्या आणि सरकारच्या हिशेबात मांडला गेला. खर्च कोणी सोसायचा हे न ठरवता संरक्षण जाहीर केलं, तर तो सर्वांत दुबळ्या माणसावर जाऊन पडतो आणि तोच पुढे पक्ष्याचा शत्रू ठरवला जातो. जैसलमेरजवळच्या गावांनी याची दुसरी बाजू दाखवली. तिथे ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गायरानं आहेत. आपल्या देवरायांसारखीच, पण गवताची. देगराय ओरणाच्या परिसरातल्या पशुपालकांनी आपल्या ओरणातून जाणाऱ्या तारांना आणि प्रकल्पांना विरोध केला. त्यांना उंटांची आणि मेंढ्यांची चराई वाचवायची होती, आणि माळढोकालाही तीच जमीन हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या ओरणांचं सर्वेक्षण करून त्यांची नोंद करायला सांगितलं. लोकांच्या पोटाचा आणि पक्ष्याच्या जागेचा हिशोब जिथे जुळतो, तिथे संरक्षणाला पहारेकरी फुकट मिळतात.

प्रकल्प आणि प्राणी यांचं कधीच जमत नाही असंही नाही. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, मनसर ते खवासा या पेंचलगतच्या सुमारे ३७ किलोमीटरच्या पट्ट्यात, न्यायालयीन वादानंतर नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवण्यात आली. काही वाटा ५० मीटरच्या, सर्वांत मोठी ७५० मीटरची. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे सस्तन प्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. वरून ट्रक जातात, खालून वाघ. हे जमलं, कारण प्राणी नेमके कुठे ओलांडतात हा प्रश्न जमिनीवर जाऊन विचारला गेला होता. दुःख एवढंच की तो विचारायला न्यायालयाला भाग पाडावं लागलं. आराखड्याच्या पहिल्या दिवशी विचारला असता तर वर्षं वाचली असती आणि पैसाही.

माळढोकापुढे आणखी एक वाट आहे. २०१९ पासून जैसलमेरजवळ सम आणि पुढे रामदेवरा इथे पाळीव प्रजननाचं काम चालू आहे. रानातली अंडी उचलून कृत्रिम ऊब देऊन पिल्लं वाढवली जातात. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं आणि २०२५ पर्यंत या केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या साठच्या पुढे गेली. हे मोठंच यश. पण ही पिल्लं उद्या सोडायची कुठे? पिंजऱ्यात पक्ष्यांची संख्या वाढवता येईल, पिंजऱ्यात माळ वाढवता येत नाही.

आता आपल्या गायरानावर

हा प्रश्न फिरून महाराष्ट्राकडे येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यात १६,००० मेगावॅट सौरवीज उभारण्याचं ठरलं आहे, शेतकऱ्याला दिवसा पाणी देता यावं म्हणून. रात्री दोनला विहिरीवर जाऊन मोटर चालू करणाऱ्याला या योजनेचं मोल विचारावं, शहराने त्याला उपदेश करू नये. पण या प्रकल्पांना लागणारी जमीन ठिकठिकाणी गावाच्या गायरानातून, माळातून निघते. महसुली नोंदीत ती रिकामी जमीन आहे. प्रत्यक्षात तिथे लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, तणमोर येऊ शकतो, धनगरांच्या मेंढ्या चरतात. काही माळांवर एके काळी माळढोकही होता.

या जमिनींवर सौरप्रकल्प नकोतच, असं म्हणणं म्हणजे १९७९ ची चूक पुन्हा करणं. आणि सगळ्याच माळावर पॅनेल उभी केली, तर उजनीच्या कालव्याने केलं तेच आपण डोळे उघडे ठेवून करू. काम यापेक्षा कंटाळवाणं आहे. माळ-माळ फिरून कुठे काय जगतं याचा नकाशा करायचा, त्यातले खरे महत्त्वाचे तुकडे, थोडे पण पक्के, वगळायचे, उरलेले मोकळे करायचे, आणि जे वगळले त्या गावांना त्याचा मोबदला द्यायचा. तारांची वाट नकाशा पाहून आखायची. हे सगळं निविदा निघण्याआधी व्हायला हवं, नंतर नव्हे. नंतर न्यायालय लागतं, आणि न्यायालयाची तारीख पडेस्तोवर पक्षी थांबत नाहीत.

गायरान कोणाला, कशासाठी द्यायचं याचा विषय गावात ग्रामसभेपुढे येतो, किंवा यायला हवा. तुमच्या गावी तो येईल तेव्हा हजर राहा. प्रकल्पाला हरकत घ्यायलाच हवी असं नाही. त्या जमिनीवर काय चरतं, काय उडतं, कशाची नोंद झाली आहे आणि कोणी केली, एवढं सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. सोलापूरच्या माळढोकासाठी हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही.